बाप इथं बसला हाय

"डिप्थीरिया आहे," डॉक्टर म्हणाले. "घटसर्प. उशीर केलात."

हा रोग ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. घशात आतून पांढुरका पडदा धरतो, मान सुजते आणि श्वासाची वाट बंद होत जाते. माझी सुमन तेव्हा पाच वर्षांची होती. घसा दुखतो म्हणाली, तर आम्ही चुना-हळदीचा लेप लावून बसलो. मी घाटंजीच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस ओढायचो. खाडा केला की मुकादम दुसऱ्या दिवशी दारात उभं करत नसे. लेप सुकला, पोरीचा आवाज बसला, मग आमची पळापळ. मिशनच्या दवाखान्यात आणलं तेव्हा तिची छाती भात्यासारखी चालली होती. लेकराला ताप आला आणि घशात पांढरं दिसलं, तर लेप लावत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

अँटिटॉक्सिन दिलं, म्हणजे रोगाचं विष मारणारं इंजेक्शन. "औषधाला वेळ लागतो," डॉक्टर म्हणाले. "तोवर श्वास टिकला पाहिजे."

मग मार्था सिस्टर आल्या. पोरीच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि सुरू झाल्या, "हे प्रेमळ स्वर्गीय बापा, तुझ्या या लेकराला..."

माझं डोकंच फिरलं. आम्हाला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वर्षही झालं नव्हतं. घरातले देव मी माझ्या हातानं काढून टाकले होते, आणि ही बाई नवा घेऊन खाटेशी उभी.

"तिचा बाप इथं बसला हाय, सिस्टर," मी म्हटलं. "दुसरा कायले बोलावून राह्यल्या? प्रेमळ हाय म्हंता, तं पोरीच्या घशात हे काहून होऊ देल्लं त्यानं?"

"तुम्ही म्हणू नका, भाऊ. मी म्हणते," त्या म्हणाल्या, आणि जिथं थांबल्या होत्या तिथूनच पुढं सुरू झाल्या.

माझी बायको गिरजा हात जोडून उभी होती. तिच्यावरही खेकसलो. ती म्हणाली, "त्या बोलून राह्यल्या तं बोलू द्या. तुमी पोरीचा श्वास पाहा."

श्वासच तर पाहवत नव्हता. संध्याकाळी ओठ निळे पडले. डॉक्टर धावत आले. "ट्रेकिऑस्टॉमी करावी लागेल. गळ्याला पुढून छेद देऊन श्वासासाठी नळी बसवायची. पूर्ण भूल देता येणार नाही. हात धरायला माणूस हवा. ती हलली तर माझा चाकू चुकेल."

गिरजा भिंतीला टेकून खाली बसली. मी आत गेलो.

डोकं सिस्टरनी धरलं, मनगटं मी. चाकू दिसला तशी पोर माझ्याकडे पाहू लागली. आवाज नव्हता, पण ओठ हलले ते मला कळलं. बा, सोड. मी सोडलं नाही. ती तडफडली तसं मी आणखी घट्ट धरलं. त्या घडीला मी तिच्यासाठी बाप नव्हतो, कसाई होतो. मग नळीतून शिट्टीसारखा आवाज आला आणि हळूहळू ओठांवर रंग चढला.

पोर वाचली. नळीमुळे बोलता येत नव्हतं, पण माझ्याकडे तिनं पाहणंच सोडलं. सिस्टरच्या हातचं दूध घ्यायची, झाडूवाल्या बाईकडे पाहून हसायची, मी जवळ गेलो की भिंतीकडे तोंड. तिच्या मनगटांवर माझ्या बोटांचे वळ होते. संत्रं सोलून नेलं तर ढकलून दिलं. मी आपला दिवसभर व्हरांड्यात बसून राहायचो.

सिस्टर तिथंच आल्या. "प्रार्थना करू का?"

"करा. तुमच्या त्या बापाचं बरं हाय. हात म्या धरले, वाईट म्या झालो, अन् आभार त्याचे."

वाटलं, आता तरी चिडतील. त्या शेजारी बसल्या. "माझा धाकटा भाऊ याच रोगानं गेला. मी प्रार्थना करत होते, आणि तो गेला. मग पुष्कळ दिवस मी देवाशी बोलले नाही."

"मंग?"

"मी तोंड फिरवलं तरी तो उठून गेला नाही, असं मला वाटतं. तुम्ही तरी कुठं उठून गेलात?"

"मले देव बनवू नका," मी तोडून टाकलं. पण ते बोलणं डोक्यातून जाईना, आणि त्याचाही राग आला. सख्खा भाऊ गेला या बाईचा, तरी बाप म्हणते. मी का धरलं हे मला तरी पोरीला कुठं समजावता येत होतं? बसून राहण्याशिवाय माझ्या हातात काही नव्हतं.

नळी काढायचा दिवस आला. ट्रे पाहून पोर थरथर कापायला लागली. डॉक्टर म्हणाले, दुखणार नाही. तिला ते पटलं नाही. सिस्टरनी हात पुढं केला, तिनं घेतला नाही. गिरजा पुढं झाली, तिलाही नाही म्हणून मान हलवली. मी दाराशी उभा होतो, पुन्हा तोंड फिरवील म्हणून लांबच. पोरीनं मला शोधलं, आणि दोन्ही मनगटं माझ्याकडे पुढं केली.

मी जाऊन धरली. नळी निघाली, तरी तिनं माझी बोटं सोडली नाहीत.

त्या डॉक्टरांचे आणि सिस्टरचे उपकार मी जन्मभर मानतो. आम्ही बौद्धच राहिलो, आणि त्यांच्या देवाशी माझं भांडण काही मिटलेलं नाही. पण त्या दिवशी सिस्टर "हे बापा" म्हणाल्या तेव्हा मी टोकलं नाही. गिरजानं हात जोडले. माझे दोन्ही हात पोरीनं धरून ठेवले होते. मोकळे असते तर जोडले असते का, ते मला आजही सांगता येत नाही.