बाजारापुरती तेलुगू

नववीत असताना शाळेत एक फॉर्म भरायचा होता. त्यात भाषांचा तक्ता होता: वाचता येते, लिहिता येते, बोलता येते. मराठीपुढे मी तीन खुणा केल्या, हिंदीपुढे तीन, आणि इंग्रजीपाशी पेन धरून बसून राहिले. इंग्रजीत मला बरे मार्क पडायचे, पण कुणी माझ्याशी दोन वाक्यं इंग्रजीत बोललं असतं तर मी तिथून पळ काढला असता. माय चुलीपाशी वाळलेले झिंगे निवडत होती. काय लिहितेस म्हणून तिनं विचारलं आणि मी तक्ता वाचून दाखवला.

"माह्या फारम असता तं जागा नसती पुरली," ती म्हणाली. "मले चार भाषा येतेत."

मायला सहीसुद्धा येत नव्हती, अंगठा चालायचा. पण चार भाषांचा तिला भारी तोरा होता. आमचं गाव वैनगंगेच्या काठी, आष्टीच्या पुलाच्या अलीकडे. बाबा आणि दादा जाळं टाकायचे आणि माय विकायची. ओली मासळी जवळपास खपायची. त्यातही चामोर्शीकडच्या बंगाली वसाहतींत टोपली उतरवायच्या आत गिऱ्हाईक गोळा व्हायचं. सुकी मासळी घेऊन ती लाल गाडीनं आलापल्ली आणि अहेरीच्या बाजाराला जायची. तिथं गोंडी बोलणारे यायचे, तेलुगू बोलणारे यायचे. माय सगळ्यांना पुरून उरायची.

सुट्टीत मी तिच्यासोबत जायची ती मुख्यतः तिचं बोलणं ऐकायला. कुणाला किती भाषा येते हे कसं ओळखायचं, हा किडा तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. एखादी बाई तेलुगूत लांबलचक काहीतरी सांगायची. माय मान हलवत "अवुनु, अवुनु" म्हणायची, म्हणजे हो, हो. बाई मासे घेऊन गेली की मी विचारायची, "काय म्हणाली ती?"

"झिंगे चांगले हायेत म्हणे."

"इतका वेळ?"

"लंबीच हाय तिची भाषा," माय म्हणायची आणि तागडी पुसायला लागायची.

अहेरीच्या बाजारात मायच्या शेजारी सिरोंच्याकडची एक बाई सुकी मासळी घेऊन बसायची. दोघी एकमेकींसाठी जागा धरून ठेवायच्या, एकमेकींचा डबा खायच्या. तिची मराठी आणि मायची तेलुगू यांवर त्यांची कित्येक वर्षांची मैत्री चालली होती. तिच्या भावाची मुलगी लग्नाची होती आणि आमचा दादाही लग्नाचा होता. टोपल्यांच्या मागे बसून दोघींनी जवळजवळ सगळं जमवूनच टाकलं.

मुलगी बघायला गेलो तेव्हा मीही होते. मुलीचे वडील प्राणहितेच्या काठावरचे, हाडकुळे, अबोल. आमच्याशी बोलतानाही त्यांच्या हातातलं जाळं विणणं थांबलं नव्हतं. त्यांनी एकच गोष्ट विचारली, पण बराच वेळ घेऊन विचारली. मुलीच्या आत्यानं, म्हणजे मायच्या बाजारातल्या मैत्रिणीनं, ती आम्हाला मराठीत सांगितली, "पोरगी बाहेर गेली नाई. तिकडे कोण बोलेल?"

माय ताठ बसली. "मी आहो ना. मले येते तिची भाषा." आणि मुलीकडे वळून तिनं ठणठणीत आवाजात म्हटलं, "रा अम्मा, रा. मंचिदि." ये बाई, ये, छान आहे. सगळे हसले. वडिलांनी विणायची सुई खाली ठेवली. मला त्यांचा चेहरा अजून दिसतो. त्यांना हुंड्याचं नाही, घरादाराचं नाही, फक्त हे एक उत्तर ऐकायचं होतं.

वहिनी घरी आली. पहिले दोन दिवस सुरेख गेले. नीळ्ळु म्हणजे पाणी, उप्पु म्हणजे मीठ, तीसुको म्हणजे घे. नव्या सुनेला जेवू घालायला एवढं पुरतं. शेजारणी मुद्दाम ऐकायला यायच्या आणि माय त्यांच्यादेखत वहिनीला दोन-दोनदा पाणी द्यायची. मग वहिनी बोलायला लागली.

संध्याकाळी अंगणात ती मायजवळ बसून काहीबाही सांगायची, कधी हसून, कधी हळू आवाजात. माय मासे चिरता चिरता "अवुनु, अवुनु" करायची. ती काय सांगते असं मी विचारलं तर माय म्हणायची, "घरची आठवण सांगते."

"तुला कसं कळलं?"

"तुले काय करायचं हाय? अभ्यास कर."

दादा तर मराठीतही मोजकंच बोलायचा. तो बाजारातून चिवड्याचा पुडा आणून वहिनीपुढे ठेवायचा आणि नदीवर निघून जायचा. मी वही घेऊन तिच्या मागे लागले. कोंबडीकडे बोट दाखवलं की ती सांगायची कोडि, झाडाकडे दाखवलं की चेट्टु. आठवड्याभरात माझ्याकडे तीन पानं भरून नावं झाली आणि एकही वाक्य नव्हतं. मला कोंबडी म्हणता यायचं, झाड म्हणता यायचं, पण कोंबडी झाडावर चढली हे सांगता येत नव्हतं. वहिनी माझी वही बघून मान डोलवायची आणि पुन्हा मायकडे तोंड करून बसायची. तिच्या लेखी त्या घरात तिची भाषा येणारं माणूस एकच होतं.

एका संध्याकाळी तिचं बोलणं वेगळं वाटलं. आवाज बारीक झाला होता, शेवटी प्रश्न होता, आणि विचारून झाल्यावर ती थांबली. मी मायकडे पाहिलं. मायनं मान वर न करता म्हटलं, "अवुनु, अवुनु." वहिनीनं मायचा खवल्यांनी भरलेला हात धरला आणि कपाळाला लावला. मायला वाटलं, पोरगी रुळली.

सकाळी उठून बघतो तर वहिनी लग्नातलं लुगडं नेसून, वेणी घालून ओट्यावर बसलेली. शेजारी तिची पिशवी. तेवढ्यात शेजारीण विहिरीवर जाता जाता थांबली. "काऊन, माहेरी चालली का सून? इतक्यात?"

मायनं पिशवीकडे पाहिलं, मग वहिनीकडे. "हाव. मीच पाठवून राह्यली," ती म्हणाली आणि घरात येऊन पाटावर बसली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "काय विचारलं वं तिनं काल?"

मायनं मला कधी भाषेतलं काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मला काय माहीत? तूच तर हो म्हणालीस."

तिचा चेहरा उतरला. मायची तेलुगू एकदा पकडायचीच असं मी कितीदा मनात धरलं होतं. आता ती पकडली गेली होती आणि मला जराही बरं वाटलं नाही. उलट मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या फॉर्मचा.

"लेदु म्हण ना," मी म्हटलं. लेदु म्हणजे नाही. "एवढं तर येतं तुला."

"तिच्या बापासमोर म्हटली होती, मी बोलीन तिच्याशी. ते तं खोटं निघालं. आता कालचं हो बी खोटं करू?"

ती बाहेर गेली. वहिनीसमोर उभी राहिली. बाजारात टोपली रिकामी झाली की माय दोन्ही पंजे उघडून गिऱ्हाइकाला दाखवायची, तसे तिनं पंजे उघडले. "तेलुगु लेदु," ती म्हणाली. वहिनीला कळेना. मायनं पुन्हा पंजे दाखवले. "लेदु. तेलुगु लेदु."

वहिनी बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिली. इतके दिवस संध्याकाळी आपण कुणाशी बोलत होतो, हे तिच्या ध्यानात येत असावं. मग तिनंही स्वतःचे पंजे उघडले. "मराठी लेदु, अत्तम्मा," ती म्हणाली. अत्तम्मा म्हणजे सासूबाई. दोघी हसल्या, आणि हसता हसता वहिनीला रडू फुटलं. पण पिशवी काही तिनं आत नेली नाही.

आम्ही तिघी गाडीनं गेलो. आलापल्लीला गाडी बदलली आणि पुढे सगळं जंगल. वहिनीच्या घरी पोहोचलो तेव्हा तिचे वडील जाळं घेऊनच बसले होते. आत्याही तिथं होती. माय उभ्याउभ्याच आत्याला म्हणाली, "तुह्या भावाले सांग, मले त्याच्या पोरीची भाषा येत नाई. मी खोटं बोलली."

आत्या नुसती बघत राहिली. मायनं तेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं, मग तिसऱ्या. आत्या "हाव बाई, हाव बाई" म्हणत होती. ते "हाव बाई" ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आत्याची मराठीही टोपलीएवढीच होती. तिला ‘वास नाई’ म्हणता येत होतं, ‘घ्या’ म्हणता येत होतं, खोटं म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. मग लग्नाच्या बोलण्यातलं किती इकडचं तिकडे पोहोचलं होतं आणि किती या दोघींच्या मान हलवण्यातच राहिलं होतं, याचा मला आजही उलगडा होत नाही.

शेवटी माय वहिनीच्या वडिलांसमोर खाली बसली आणि तिच्याकडे होती नव्हती तेवढी तेलुगू तिनं त्यांच्यापुढे ठेवली. "चेपलु. एंडु चेपलु. उप्पु. नीळ्ळु. मंचिदि. वासन लेदु. तीसुको. अवुनु." मासे, सुके मासे, मीठ, पाणी, छान, वास नाही, घे, हो. मग ती थांबली. पुढे काही नव्हतं.

वडील हसले नाहीत. रागावलेही नाहीत. वहिनी त्यांना दोन-तीन वाक्यं बोलली, तेव्हा त्यांनी आम्हाला हात धुवायला पाणी दिलं आणि जेवायला बसवलं. चिंच घातलेला माशांचा रस्सा आणि भात. जेवून आम्ही परतीच्या गाडीसाठी निघालो. वहिनी कुंपणापर्यंत आली. माय चार पावलं गेली आणि वळली. तिच्याकडे एक उरलं होतं. गिऱ्हाईक काही न घेता निघालं की त्याला पाठीमागून म्हणायचं असतं ते.

"मळ्ळ रा, अम्मा," ती म्हणाली. पुन्हा ये.

वहिनी कुंपण धरून उभी राहिली.

त्यानंतर माय सगळ्यांना सरळ सांगायला लागली, मला तेलुगू येत नाही. शेजारणींना सांगितलं, बंगाली गिऱ्हाइकांनासुद्धा सांगितलं, त्यांचा काही संबंध नसताना. तिचा तो तोरा गेला आणि घर मला ओकंबोकं वाटायला लागलं. दादा रोज संध्याकाळी गाडीच्या वेळेला थांब्याकडे काहीतरी काम काढायचा.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. दुपारी कंडक्टरनं वहिनीला थांब्यावर उतरवलं आणि ती एकटीच चालत अंगणात आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आत्यानं दिलेलं सुक्या मासळीचं गाठोडं. माय राखेनं भांडी घासत होती. वहिनीनं गाठोडं पुढे धरलं आणि हुबेहूब आत्याच्या सुरात, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "घ्या बाई. चांगली हाय. वास नाई. घ्या."

जवळजवळ एवढीच मराठी आत्याकडे होती आणि तेवढी सगळी ती शिकून आली होती.

घासाघीस केल्याशिवाय मायनं जन्मात कधी मिठाचा पुडा घेतला नव्हता. त्या दिवशी तिनं राखेचे हात पदराला पुसले आणि म्हणाली, "घेतो वं माय, घेतो." गाठोडं तिनं माझ्याकडे दिलं, आणि वहिनीचा हात धरून तिला आत नेलं.