चौथा उद्गार

नगरच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा अप्पांनी माझी बॅग स्वतः वर चढवली, मग खाली उतरून खिडकीशी आले आणि म्हणाले, "बाकी वर्षभर तुझं तू पाहा. पण गुड फ्रायडेला जिथं असशील तिथं उपासनेला बस." मी आखातातल्या अल ऐनच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन म्हणून निघाले होते. मला रडू फुटत होतं आणि वडिलांना शुक्रवारची पडली होती, म्हणून रागच आला. दोन वर्षांत परत येते, असं मी खिडकीतून ओरडून सांगितलं. त्याला आता पंचवीस वर्षं उलटली.

तुम्ही जे गावाकडे राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्या सगळ्यांना ती दुपार आठवत असेल. बारा ते तीन, भर उन्हात तापलेलं चर्च, क्रूसावरून प्रभूने काढलेले सात उद्गार आणि एकेका उद्गारावर बोलायला एकेक माणूस. तिसरा, "बाई, पाहा, हा तुझा मुलगा," हा ठरलेला एखाद्या आईचा. चौथा कोणी मागून घेत नसे, म्हणून तो अप्पांकडे येई. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" अप्पा शाळामास्तर, एरवी तासभर बोलतील, पण इथे दोन मिनिटांत आटपत. "याचा अर्थ मला सांगता येत नाही. पण शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी हे वाक्य लपवलं नाही, म्हणून बाकीच्यावर माझा विश्वास बसतो." एवढं बोलून खाली बसत. घरी जाताना आई पुटपुटायची, "चारचौघांत जरा बरं बोलावं माणसानं."

इकडे पूर्वी शुक्रवारी सुट्टी असे, तेव्हा ठीक चालायचं. आता शुक्रवारी अर्धी ड्यूटी करून लोक युनिफॉर्मवरच येतात. आम्हा मराठी मंडळींना चर्चच्या आवारातला मागचा हॉल मिळतो. आमच्याआधी मलयाळी, आमच्यानंतर फिलिपिनो. तीन तासांचं दीड तासात उरकायचं. प्रभूलासुद्धा इथे शिफ्टमध्ये मरावं लागतं, असं मी चेष्टेने म्हणायचे. तेव्हा चेष्टा सुचायची.

माझा मुलगा आशिष इथलाच. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. तो लहान असताना मी त्याला माझ्या संडे स्कूलमधला धडा शिकवला होता. पाप आपलं, शिक्षा आपली, ती प्रभूने आपल्या जागी सोसली. जगाचं पाप त्याच्या अंगावर होतं, म्हणून पवित्र पित्याने तोंड फिरवलं, आणि म्हणून ती चौथी हाक. आशिष विचारात पडला. "बट ममा, दॅट्स नॉट फेअर टू हिम. व्हाय डिडन्ट हिज डॅड कम?" मोठा झालास की कळेल, मी म्हटलं.

मोठं व्हायला त्याला वेळ मिळाला नाही. युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला होता. हिवाळ्यातल्या एका सकाळी दुबई रोडवर दाट धुकं होतं आणि गाड्या एकमेकींवर आदळत गेल्या. त्याची गाडी मधोमध सापडली. तो लगेच गेला नाही, मदत पोचायला उशीर झाला, एवढंच आम्हाला सांगितलं. "इथेच जन्मला, गावाला त्याचं कोण आहे?" माझा नवरा अनिल म्हणाला. म्हणून शहराबाहेरच्या दफनभूमीत, वाळूत, आम्ही त्याला पुरलं.

भेटायला आलेल्यांत आमच्या मंडळीच्या सेक्रेटरी शालिनीताई होत्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "देवानेही आपला एकुलता एक पुत्र दिला, ताई." मी हात काढून घेतला. त्याने दिला, माझ्याकडून नेला. आणि त्याचा तिसऱ्या दिवशी परत आला. हे मी मनात म्हटलं, पण त्या दिवसापासून मला प्रार्थना करता येईना. ओठ हलायचे, आत काही नसायचं.

गुड फ्रायडे जवळ आला तसा शालिनीताईंचा फोन. "तिसरा उद्गार यंदा तुम्ही घ्या. तुमच्याइतकं मनापासून कोण बोलणार?"

"मला चौथा द्या."

"अहो, तो पाळकसाहेबांकडे असतो."

"मग मी येत नाही."

त्यांनी दिला. अनिल गाडीत म्हणाला, "तिथे उभं राहून भलतंसलतं बोलू नकोस. आपल्याला याच लोकांत राहायचंय."

मी उभी राहिले. म्हणाले, पित्याने तोंड फिरवलं, असं मी माझ्या मुलाला शिकवलं होतं. ते मी आज परत घेते. तसा बाप मला नको. माझा मुलगा त्या धुक्यात मला हाक मारत असेल आणि मी लॅबमध्ये कोणाचं तरी रक्त तपासत होते. त्या गाडीत देव होता, असं म्हणायला मला एकच जागा सापडते. क्रूसावर जो ओरडत होता तोच देव होता. वरून बघणारा दुसरा कोणी नव्हता. हाक मारून कोणी येत नाही म्हणजे काय, हे त्याला ठाऊक आहे. याच्यापुढे मला काही कळत नाही. पुनरुत्थानाचं तुम्ही बोला, मी अजून शुक्रवारातच आहे.

कोणी आमेन म्हटलं नाही. दाराशी फिलिपिनो मंडळी खोळंबली होती. शालिनीताई रडत होत्या. परतताना अनिल गाडीत म्हणाला, "अप्पांसारखीच बोललीस." त्या रात्री मला एका वाक्याची प्रार्थना करता आली. ते कुठलं, हे सांगायला नको.

आता अनिल रिटायर होतोय आणि माझीही नोकरी संपली. नोकरी संपली की व्हिसा संपतो, खलास. गावाकडून चुलतभावाचा फोन येतो, "या एकदाचं घरी." घरी म्हणजे कुठे, ते त्याला कसं सांगू? अप्पा नाहीत, आई नाही. माझं घर वाळूतली एक अरुंद जागा आहे, आणि तिथून मला निघावं लागतंय.

नगरहून निघाले तेव्हा खिडकीशी अप्पा उभे होते. इथून निघताना आशिष उठून येणार नाही. एक दिवस उठेल, असं आमचं शास्त्र सांगतं. तोवर मला त्याला भेटायला व्हिजिट व्हिसा काढावा लागेल.