भोंगा झाला की चार थेंब

उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीच्या फडक्यात बांधून पाण्यात हलकेच दाबला, की एक सोनेरी धूर खाली उतरू लागतो. भाद्रपदातलं तिरपं, धुतलेलं ऊन त्या धुरातून आरपार जातं, आणि पाण्याला क्षणभर संध्याकाळ होते. मग वास येतो. इतक्या तरल दृश्याला इतका दांडगा वास देणाऱ्या निसर्गाच्या विनोदबुद्धीला मी पुढे अनेकदा दाद दिली आहे. जबलपूरमध्ये पासष्ट सालची लढाई ज्यांनी अनुभवली त्यांना ती बारुदीच्या वासाने आठवत असेल. मला ती अंड्याच्या वासाने आठवते. माझा पराक्रम तेवढाच आहे.

मी तेव्हा तिथल्या एका शस्त्र-कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात होतो. धातूचे सुटे भाग पोलादी कडीतून सरकवून पाहायचे. सरकला तर पास, अडकला तर बाद. वर्षानुवर्षं हे केलं की माणसाची अशी समजूत होते, की जगातल्या प्रत्येक गोष्टीच्या मापाची एक कडी कुठेतरी टांगलेली आहे आणि ती कुठली, हे आपल्याला ठाऊक आहे.

क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच होतो, बाबा आणि मी. बाबा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, शिट्टीवर आणि हिरव्या झेंडीवर जगलेला माणूस. निवृत्त झाले त्याच वर्षी आई गेली, आणि त्यानंतरच्या दीड वर्षात त्यांचं बोलणं असं ओसरत गेलं, जसं चैत्र-वैशाखात नर्मदेचं पाणी ग्वारीघाटाच्या एकेका पायरीवरून खाली उतरतं आणि कोरडा, ऊन पिणारा दगड तेवढा मागे राहतो. ‘नळ आला’, ‘दूध घेतलं’, ‘कडी लाव’ एवढ्या तीन वाक्यांवर आमचा संसार चालला होता. मी बाहेर अखंड बडबडणारा. घरात पाऊल टाकलं की माझाही सिग्नल लाल होत असे.

त्या घरात मासे आले ते शेजारच्या घोषदादांमुळे. कलकत्त्याहून येताना मिठाईऐवजी बाटल्यांतून मासे आणणारा हा सद्गृहस्थ. त्यांनी मला गोरामी माशांची एक जोडी दिली, आणि श्रावण सरता सरता त्यातल्या नराने तरंगत्या पानाखाली आपल्या तोंडाच्या फेसाचं घरटं बांधलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या फेसातून पापणीच्या तुटक्या केसाएवढी पिलं लोंबू लागली. एखादं निसटून खाली घरंगळलं की नर ते तोंडात उचलायचा आणि पुन्हा फेसात नेऊन ठेवायचा. दिवसभर त्याचं हेच.

मी पेपर वाचत होतो. मागून आवाज आला,

“हा पोरं काहून खाऊन राहिला?”

मी दचकलोच. बाबा टाकीपाशी वाकले होते.

“खात नाही बाबा. पडलेली उचलून परत ठेवून राहिला.”

“अन् माय कुठं आहे?”

“तिला दुसऱ्या बरणीत काढलं. ती असली की हा तिला मारतो.”

बाबा बराच वेळ पाहत राहिले. “एकटाच सांभाळून राहिला म्हणजे,” ते म्हणाले, आणि आपली वेताची खुर्ची ओढून टाकीसमोर बसले.

दीड वर्षातलं ते आमचं सर्वांत लांब संभाषण. त्या खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज मला एखाद्या बंद स्टेशनावर गाडी थांबल्यासारखा वाटला, आणि तत्क्षणी मला ती पिलं हवीशी झाली. मासे म्हणून नव्हे. ती जगली तर बाबा बोलणार होते, इतका सरळ, स्वार्थी हिशेब होता तो.

पिलं आडवी पोहू लागली तेव्हा नरालाही बाजूला काढावं लागलं, कारण आता तोच त्यांना खाण्याची भीती. “असं असते का,” एवढंच बाबा म्हणाले. आता प्रश्न खाण्याचा. घोषदादांनी मला फाटकातच थांबवून धडा दिला होता, “थोड़ा-थोड़ा देना भैया, पेट देख के। पेट गोल, तो बस।” मी मान डोलावली आणि घरी येईपर्यंत त्यातलं पोट गाळून टाकलं. पोट ही काय मापाची गोष्ट आहे? शिवाय दिवसभर मी कामावर. खाऊ घालणार बाबा. त्यांना नेमका हुकूम हवा. आमच्या कारखान्याचा भोंगा दिवसातून चार वेळा होई: हजेरीचा, जेवणाच्या सुट्टीचा, सुट्टी संपल्याचा आणि सुटण्याचा. मी पिलांच्या खाण्याने भरलेली शाईची एक जुनी शिशी आणि ड्रॉपर बाबांच्या हाती दिला आणि सांगितलं, “भोंगा झाला की चार थेंब.” स्वतःच्या बुद्धीवर मी इतका खूश झालो की घोषदादांनाही ऐकवलं. ते आपली बरणी धूत राहिले. बंगाली माणूस गप्प बसला की समजावं, पण मला कुठलं समजायला.

शिशीत काय आहे हे मात्र मी बाबांना सांगितलं नाही. आमच्या चुलीला अंडं ठाऊक नव्हतं. मी ते घोषदादांकडे उकडत असे, बलक पाण्यात उतरवत असे आणि ते पाणी घरी ‘माशांचं टॉनिक’ म्हणून आणत असे.

आठवडाभर सगळं कडीतून सरकल्यासारखं चाललं. मग लढाई लागली.

कारखाना चोवीस तास धडधडू लागला. आम्हाला बारा-बारा तासांची ड्यूटी लागली, पाळ्या वाढल्या; खिडक्यांच्या काचांना काळा कागद लागला. मी उजाडायच्या आत निघे आणि अंधार पडल्यावर चाचपडत घरी येई; टाकी मला दिसतच नसे, नुसती ऐकू येई. म्हणजे बाबांच्या तोंडून. “एक धाकटं आहे, मागंच राहते नेहमी. आज कोपऱ्यातून पुढं आलं.” त्या काळोखात आपला बाप आपल्याशी बोलतो आहे, या सुखात मी इतका बुडालो होतो की शिशी दिवसेंदिवस लवकर का रिकामी होते, हा प्रश्न मला पडला नाही. मी दोन अंडी उकडू लागलो.

पितृपक्षातली अविधवा नवमी आली, सवाष्ण गेलेल्या बाईच्या श्राद्धाची. मला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. कितीतरी दिवसांनी मी घर उजेडात पाहिलं. अंगणात पारिजातकाचा सडा, ओल्या विटांचा वास, आणि कंपाऊंडच्या भिंतीवर बाबांनी आईच्या नावाने ठेवलेला घास. दोन कावळे अगदी जवळ आले होते. तेवढ्यात हवाई हल्ल्याच्या सरावाचा भोंगा झाला, लांब, गळा काढल्यासारखा. कावळे उडाले. आणि बाबा, जे एवढा वेळ हात जोडून उभे होते, ते वळले, हात धुतले, आत गेले, आणि शिशी उचलून टाकीत मोजून चार थेंब सोडले.

“आत्ता काहून देऊन राहिले बाबा?”

“भोंगा झाला ना.”

मी टाकीकडे वळलो. “दिवसाचे किती होतात आता?”

“पाळ्यांचे अन् सरावाचे मिळून काल अकरा झाले,” बाबा म्हणाले. त्या स्वरात गाडी वेळेवर पोचवल्याचं शांत समाधान होतं. “एकही चुकला नाही.”

मी काळ्या कागदाचा एक कोपरा सोडवला. उन्हाची पट्टी टाकीवर पडली. पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं होतं, आणि तळाशी पिवळ्या साक्यावर पापणीच्या केसांचा एक थर निजला होता. बाबाही पाहत होते. त्यांच्या डोळ्यांना अंधाऱ्या पाण्यात वरवर फिरणारी तेवढीच दिसत आली होती.

“हवा कमी पडली असेल,” मी म्हणालो. शूर मी असाच होतो.

बाबांनी आपला उजवा हात उजेडात धरला. “हात कापते माझा. थेंब मोठे पडले असतील.” त्यांनी शिशीचं बूच लावलं, ती माझ्या खिशात ठेवली, आणि खुर्ची उचलून पुन्हा तिच्या जुन्या जागी, भिंतीशी नेली.

पानं मांडली. आमसुलाची चटणी, वडे, खीर. बाबा खाली पाहून जेवत होते, आणि मला दिसत होतं की मी गप्प बसलो तर हा माणूस पुन्हा शेवटच्या पायरीपर्यंत उतरून जाईल. माझी अब्रू मात्र सुखरूप राहील.

“बाबा, हात तुमचा नव्हता. अक्कल माझी होती,” मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं: घोषदादांचं ‘पेट देख के’, माझा भोंगा, आणि ओघात, नवमीच्या पानावर बसून, अंडंसुद्धा.

बाबांनी आधी खीर संपवली. मग म्हणाले, “अंड्याचं मला माहीत होतं. नाक काय मी ब्रेकव्हॅनमध्ये विसरून आलो?”

“मग बोलले काहून नाही?”

“पिलं खाऊन राहिली होती ना.”

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, पानाकडे पाहत, “मी कधी आठ तासांनी यायचो, कधी वीस. तुझी आई घड्याळ पाहून नव्हती वाढत. तोंड पाहायची. कधी भरून वाढायची, कधी अर्धं.” आणि उठताना, “तू असता तिच्या जागी, तर मी केव्हाच मेलो असतो.”

ते हसले की नाही हे मला नीट दिसलं नाही. मी तरी हसलो.

दुपारी आम्ही रबरी नळीने तळ उपसला, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं शिळं पाणी थेंबथेंब सोडलं. एकोणीस पिलं जिवंत निघाली; धाकटं त्यात होतं, असं बाबांचं म्हणणं. खुर्ची टाकीसमोर परत आली. बाबांनी पोथी वाचायचं भिंग काढलं आणि ते एकेका पिलाचं पोट पाहू लागले. सुटण्याचा भोंगा झाला. त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी, दिवे झाकायच्या जरा आधी, मी कामावरून परतलो. बाबा भिंग हातात घेऊन दारापर्यंत आले.

“जेवलो कँटीनमध्ये,” मी सवयीने सांगितलं. “सुट्टीच्या भोंग्याला.”

“ते नाही विचारून राहिलो. भूक आहे का?”

मी उंबऱ्यात थांबलो. इतका साधा प्रश्न, आणि उत्तर कुठे ठेवलं आहे ते मला आठवेना. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, त्या धाकट्याकडे पाहत तसे, डोळे बारीक करून, बिनघाईने. मग आत गेले आणि त्यांनी ताट वाढलं. अर्धं.

माप बरोबर होतं. कुठल्या कडीतून घेतलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.