पाच टिंबांची तीन घरं

ब्रेलचं एखादं अक्षर पुढं करून "हे काय?" असं विचारलं, की बन्सीगुरुजी कधी सरळ उत्तर द्यायचे नाहीत. आधी विचारायचे, "कुणाच्या घरी?" सहापैकी पाच टिंबं उठलेली, फक्त खालचा उजवा कोपरा मोकळा. ते अक्षर मराठीच्या घरी क्ष, उर्दूच्या घरी काफ, इंग्रजीच्या घरी क्यू. "अरे, माहेरी बबी, सासरी सुमन. बाई तीच ना?"

माझी नजर बाविसाव्या वर्षी गेली. वडिलांनी करमाडहून मला औरंगपुऱ्यात गुरुजींच्या खोलीवर आणून सोडलं, तेव्हा महिनाभर मी कुणाशी बोललो नव्हतो. माझं बोट कागदावर ठेवून गुरुजी म्हणाले, "घाई नाय. हाताला सवड दे." ते स्वतःही आंधळे, निजामाच्या राज्यात हैदराबादला उर्दूतून ब्रेल शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर ते शिकवायचे त्या अंधशाळेचा कारभार मराठीत आला आणि चाळिशीत त्यांनी तीच टिंबं नव्यानं गिरवली. "स्वप्नात अजून उर्दूच वाचतो," म्हणायचे.

हैदराबादच्या वसतिगृहातला त्यांचा आंधळा दोस्त लतीफ. त्याचं दर महिन्याला उर्दू ब्रेलमधलं पत्र यायचं. पुढं साखरेच्या आजारानं गुरुजींची बोटं बधिर झाली. लिहिणं कसंबसं जमायचं, वाचणं संपलं. मी तोवर त्यांच्याच खोलीत राहून खुर्च्यांना वेत विणायचो. पत्रं वाचायचं काम माझ्याकडं आलं. पण मला उर्दूची अक्षरं कुठं येत होती?

"तू आपल्या घरची नावं घे," गुरुजी म्हणाले, "मी त्यांना तिकडं पोचवतो."

मग दुपारी मी एकेक अक्षर मराठीतून म्हणायचो. मी 'क्ष' म्हटलं, की खाटेवरून हलकेच 'काफ' यायचं. 'सलाम' तेवढा ओळखू यायचा, बाकी सगळं धुकं. गुरुजी मध्येच हसायचे, खाट करकरायची. बाहेर रिक्षांचे आवाज लांब लांब जायचे आणि माझ्या तोंडून कुणी भलताच माणूस बोलतोय असं वाटून मला गुंगी यायची. नजर गेल्यानंतर मी पहिल्यांदा सुखी झालो तो त्या दुपारांमध्ये.

जवाबी पत्राच्या शेवटी गुरुजी ब्रेलच्या पाटीत लावलेल्या कागदावर सुईनं एक ओळ वेगळी टोचायचे. "लतीफला आपलं एक अक्षर धाडतो."

"सत्तरीत मराठी शिकून काय करणार ते?" मी चिडवायचो.

"बसून तर असतो. करंल काहीतरी."

गुरुजी गेले आणि चारच दिवसांनी लतीफभाईंचं पत्र आलं. रिकाम्या खाटेसमोर बसून मी ते सवयीनं मोठ्यानं वाचलं. अक्षरं तिकडं पोचवायला कुणी नव्हतं. मी लई रडलो. शेजाऱ्याकडून कार्ड लिहवून लतीफभाईंना कळवलं आणि पत्रं आता संपली असं धरून चाललो.

पुढच्या महिन्यात पाकीट आलं, माझ्या नावाचं. वाचायला लागलो आणि पहिल्याच ओळीत बोट थांबलं. मला कळत होतं. बोली लतीफभाईंची दखनी, पण अक्षरं आमच्या घरची, जागोजागी चुकलेली.

"बन्सी बोला था, मेरे बाद इसकू खत कौन लिखेगा. इसके वास्ते सिखाया मेरेकू. गलती हुई तो हँसना नक्को. जवाब डाल."

मी गुरुजींची पाटी पुढं ओढली आणि तिच्यात कागद लावला.