नानाकाका गेले

माझे नानाकाका एका मंगळवारी सकाळी गेले आणि त्याच दुपारी आमच्याकडे पोटभर आमरस जेवले.

दोष माझा. मी गोत्री भागातल्या आमच्या घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करतो. त्यात कंटेनर लागतात. कंटेनर म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट भरलेला डबा. हे डबे काळ्या स्क्रीनवर हुकूम टाइप करून चालवायचे. हुकूम घेणाऱ्या साधनाची एक सेटिंगची फाइल असते. डब्यांची यादी कशी दिसावी, ते तिच्यात आपल्या मनासारखं लिहिता येतं. शहाणी माणसं तिला हात लावत नाहीत. मी लावला!

माझा मराठी बाणा उफाळून आला. चालणाऱ्या डब्यापुढे 'चालू' आणि बंद पडलेल्यापुढे 'गेले' असं उमटेल अशी सोय केली. (डब्यांना आदरार्थी कशाला? तर त्यांना नावं घरच्या वडीलधाऱ्यांची दिली होती.) जुनं सगळं लक्षात ठेवणारा, पण उठायला वेळ लावणारा डबा 'नानाकाका'. येईल त्याला ताबडतोब उत्तर देणारा 'शकुआत्या'.

इथे एक सांगायला हवं. अप्पा, म्हणजे माझे वडील, आणि नानाकाका या सख्ख्या भावांत कित्येक वर्षं अबोला होता. माझ्या मुंजीत नानाकाका पंगतीत मोठ्यानं म्हणाले होते, "श्रीखंड आंबट आहे!" श्रीखंड अप्पांनी स्वतः केलं होतं. तेव्हापासून काकांच्या अकोट्यातल्या घराचा रस्ता आमच्यासाठी बंद. मला मात्र काका फार आवडायचे.

तर मंगळवारी आई चहा घेऊन आली. मी कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. तिनं स्क्रीन वाचली आणि कप ठेवला.

"अरे, नानाभावजी गेले?"

"हो, सकाळीच," मी मान न वळवता म्हणालो. "दोनदा उठवलं, पण परत गेले."

"अरे देवा! आता रे?"

"आता काय? काढून टाकायचे आणि नवे आणायचे!"

आईनं हंबरडा फोडला. गॅलरीत हिंचक्यावर झोके घेत बसलेले अप्पा उठले आणि तडक जिना उतरले. मी हेडफोन काढला तेव्हा हिंचका रिकामाच हलत होता. खाली अप्पांच्या चपला आणि चपलांशेजारी फोन! आईचा हंबरडा ऐकून शेजारच्या सोसायटीतून शकुआत्या रडत आली, तिनं स्क्रीन पाहिली आणि रडायची थांबली.

"नाना गेला, आणि मी चालू? आ शुं लख्युं छे, काय लिहिलंयस हे? माझा भाऊ जातो आणि तू मला चालू म्हणतोस?"

"आत्या, कोणी गेलं नाहीये!" चपला हातात घेऊन मी स्कूटर काढली.

अकोट्यात पोचलो तेव्हा अप्पा रिक्षातून उतरत होते. रिक्षावाला म्हणत होता, "काका, चंपल तो पहेरो, रोड तपे छे!" अप्पांना ऐकूच आलं नाही. इतक्यात फाटकाशी नानाकाका आले, हातात खंडेराव मार्केटातून आणलेल्या केसर आंब्यांची पिशवी. अप्पांनी त्यांना आंब्यांसकट मिठी मारली.

"नाना! तू आहेस?"

"नसायला काय झालं?" काका गोंधळले. मग त्यांचं लक्ष अप्पांच्या अनवाणी पायांकडे गेलं. "दादा... श्रीखंड इतकंही आंबट नव्हतं रे."

"होतं," अप्पा डोळे पुसत म्हणाले. "चांगलंच आंबट होतं."

मी चपला धरून उभा होतो. मलाही रडू आलं, पण दोघांनी एकदम माझ्याकडे वळून पाहिलं, तेव्हा ते आवरतं घेतलं.

दुपारी आमच्याकडे त्याच आंब्यांचा रस झाला आणि मी डब्यांचा सगळा घोटाळा कबूल केला. मग नानाकाका माझ्या खुर्चीशेजारी ठाण मांडून बसले. "उघड ती फाइल. मी सांगतो, तू लिही." 'गेले'चं 'जरा पडलेत' झालं. 'चालू'चं, आत्याच्या देखरेखीखाली, 'कामात' झालं.

"आणि या यादीत तू कुठे आहेस?"

"मी नाही, काका. मी चालवणारा."

"अरे वा! घाल नाव."

घातलं, एका नव्या डब्याला. आता काका दर रविवारी येऊन खात्री करतात: बाकीच्यांपुढे काहीही उमटो, माझा डबा चालू असो की बंद, माझ्या नावापुढे कायम एकच उमटतं: 'सांभाळून घ्या'.