ड्रॅगनने भाजलेला राब

माझ्या मित्राच्या सासऱ्यांनी मला जितक्या वेळा अवाक केलं, तितक्या वेळा माझ्या बायकोनेही केलेलं नाही, आणि तिची त्यात हातोटी आहे. मित्र त्यांना मामा म्हणायचा, म्हणून आम्हीही मामाच म्हणायचो. मामा मूळचे पालेगावचे, पिढीजात भातशेतीवाले. नव्वदनंतर कधीतरी भावाभावांनी मिळून जमीन विकली, शेतात प्लॉटचे दगड पडले आणि मामा कात्रपला लेकीकडे राहायला आले. आल्या दिवशीच त्यांनी सोसायटीच्या चेअरमनला गाठून एवढी मोठी गच्ची नुसती उन्हात तापवत ठेवल्याबद्दल खडसावलं होतं.

तेव्हा दर रविवारी दुपारी माझ्या घरी आमचा एक खेळ चालायचा. आमच्यातल्या उल्हासनगरच्या लछूच्या भावाने दुबईहून नियमांचं जाडजूड पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा आणला होता. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार. गोष्ट मी सांगायची आणि अडेल तिथे फाशाने निकाल द्यायचा. मामांच्या कानावर फक्त 'फासा' एवढंच गेलं. जावई जुगारी निघाला या खात्रीने ते त्याला रंगेहाथ पकडायला आले, तासभर दारात उभे राहिले, आणि मग चप्पल काढून सतरंजीवर बसत म्हणाले, "मना पन घ्या."

आम्ही चार वर्षं मुरलेले खेळाडू. लछूने तर पुस्तक पाठ केलेलं. त्याने मामांना मोठ्या मनाने एक जादूची तलवार देऊ केली. मामांनी ती नाकारून कोयता आणि बैलजोडी मागितली. सोंग कुणाचं घेणार, तर शेतकऱ्याचं. पहिल्याच जंगलात राक्षस आडवा आला, आम्ही शस्त्रं उपसली, आणि मामांनी त्याला विचारलं, "कनच्या गावचा रं तू? जेवलास का?" फासा त्यांच्या बाजूने पडला. राक्षस जेवला आणि पुढचे चार रविवार त्यांच्याकडे मजुरीला राहिला. लछूचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. गुहेतला खजिना मिळाला तेव्हा आम्ही सोन्यावर तुटून पडलो. मामांनी गुहेबाहेरची दहा गुंठे जमीन मागितली. मी नकाशावर हिरव्या पेन्सिलीने तुकडा आखून दिला, तर त्यांनी मी काढलेला ओढा चढाकडे वाहतोय हे दाखवून तो खोडायला लावला आणि स्वतः बांध घातले. त्यानंतर ते लढाईला आलेच नाहीत. आम्ही जग वाचवत हिंडायचो आणि मामा बैल जुंपून शेतात चिखलणी करायचे.

शेवटी लछू वैतागला. "तू ड्रॅगन सोड ना यार. खेत जलेगा तो लढेगा बुढ्ढा," असं तो माझ्या कानात म्हणाला. पालेगावची हकिकत मला ठाऊक होती. तरीही मी ड्रॅगन सोडला, याची लाज मला आजही वाटते. फासा पडला आणि मी जड आवाजात सांगितलं की दहाच्या दहा गुंठे जळून काळे झाले. जावयाने मान खाली घातली. आता मामा उठून जाणार, असंच मला वाटलं.

मामांनी नकाशाकडे बघितलं. "जलला? बरा झाला," ते म्हणाले. "राब भाजून झाला. आता पानी परला का पेरू."

राब म्हणजे काय, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मग त्यांनीच समजावलं. पावसाच्या आधी पालापाचोळा, शेणी पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. त्यातच भाताचं रोप जोमाने उठतं. एरवी पाला गोळा करता करता पाठ मोडते, यंदा ड्रॅगनने फुकटात केलं. पुढच्या वर्षीही त्याला याच सुमारास पाठव, एवढंच त्यांनी मला बजावलं.

पण खरा हादरा पुढच्या रविवारी बसला. मामांनी कनवटीची फडक्याची पुरचुंडी सोडली. आत भाताचं बियाणं होतं, पालेगावच्या शेवटच्या पिकाचं. ते त्यांनी इतकी वर्षं जपलंय, हे घरात लेकीलाही माहीत नव्हतं. त्यांनी मूठभर दाणे नकाशातल्या हिरव्या तुकड्यावर सावकाश फोकले. "आता उगवाचा नाय," ते म्हणाले, "पन पेरल्याबिगर कसा टाकू?"

जावई उठून गॅलरीत गेला. लछूने सांडलेले दाणे एकेक वेचून बांधाच्या आत सरकवले. त्याच्या आजोबांचीही शेती सिंधमध्ये राहिली होती, हे त्याने चार वर्षांत पहिल्यांदाच आम्हाला सांगितलं. मग मी पावसासाठी फासा टाकला. किती पडला ते कुणालाच दाखवलं नाही. पाऊस पडला, असं सांगितलं.

मामांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. नकाशा माझ्याकडेच आहे. घड्यांवर विरलाय, आणि उलगडताना अजून एखादा दाणा सापडतो. कधी नवी मुलं खेळायला येतात आणि तो हिरवा तुकडा दाखवून विचारतात, इथे काय आहे. मी त्यांना सांगतो, तिथे लढायचं नाही, पेरलेलं आहे.