विल्सनच्या दारातली रांग

विल्सनला मी फार ओळखत होतो असं नाही. पालीच्या मासळी बंदरात रस्त्याच्या एका बाजूला त्याचा बर्फाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला माझा. बाकी मी त्याच्याकडे नुसता बघत आलो.

बोटी निघायच्या आधी त्याच्या दारात रांग लागायची. उलट्या क्रेटवर बसून तो एकेकाची चेष्टा करायचा. "काय रे मोझेस, एवढ्या लवकर? बायकोनं बाहेर काढला का?" सगळे हसायचे. बर्फ तसाच, भाव तोच. मी लादीवर बर्फाचा चुरा फुकट जास्त घालून पाहिला, तरी रांग तिकडेच. मला लोकांशी बोलता येत नाही हे खरं. पण बर्फ विकायला बोलावं कशाला लागतं?

मग गुडघे गेले म्हणून त्याने कारखाना विकायला काढला. किनाऱ्यावरचे कारखाने घेत सुटलेली एक मोठी कंपनी तयार झाली. माझ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. पण सगळा बर्फ एकाच्या हाती गेला तर भाव वाढतील, म्हणून स्पर्धा आयोगाने चौकशी लावली. कंपनीने अर्थशास्त्राची सल्लागार फर्म नेमली. तिथली संचिता नावाची मुलगी बोटवाल्यांना विचारत फिरली, विल्सनचा बर्फ महागला तर कुठे जाल?

"कुठंच न्हाय. विल्सन आमचा हाय," मोझेसने छाती काढून सांगितलं. सगळ्यांनी तेच सांगितलं, प्रेमापोटी. लोकांना दुसरी जागाच नाही, असा त्याचा अर्थ झाला. सौदा बुडायची वेळ आली.

विल्सनने तिला माझ्याकडे पाठवलं.

"ते म्हणाले, तुम्हीच त्यांचे खरे स्पर्धक."

मला क्षणभर फार बरं वाटलं. मग वाटलं, सौद्यासाठी म्हणाला असेल. अजूनही कळत नाही.

"काका, त्यांची गिऱ्हाइकं कधी तुमच्याकडे आलीयेत?"

नाही म्हटलं असतं, तर तो दुखऱ्या गुडघ्यांनी त्याच क्रेटवर राहिला असता. रांगेसकट.

"एकदा," मी म्हणालो. "त्याचा कॉम्प्रेसर बिघडला होता. आठवडाभर सगळ्या बोटी माझाच बर्फ नेत होत्या. मासळी कोणाची खराब झाली नाही."

"मग?"

"मग कॉम्प्रेसर दुरुस्त झाला."

तिचा चेहरा खुलला. अडलं तर लोक माझ्याकडे येऊ शकतात, एवढंच तिला दाखवायचं होतं. सौदा मंजूर झाला. क्रेटवर आता कोणी बसत नाही. रांग मात्र तिकडेच लागते.

विल्सन वसईला मुलीकडे, मेगनकडे, राहायला गेला आणि तिथेच वारला. निघायच्या दिवशी बादली घेऊन, लंगडत, तो रस्ता ओलांडून माझ्याकडे आला होता. पहिल्यांदाच. त्याच्या कारखान्यात आता त्याला फुकट मिळत नसणार, हे माझ्या मनात आलंच.

"गुणवंत, बर्फ हाय?"

"आहे की."

"लादीचा एक तुकडा दे. मेगनला पापलेट न्यायचं हाय."

"फोडून देऊ?"

"दे फोडून. चुरा जरा जास्त घाल."